कालनिर्णयवरचा एक चौकोन: आईनं घरातल्या घरात स्वतःसाठी पाऊण तास कसा काढायचा

मुंबईतल्या मराठी घरात फ्रिजच्या बाजूला नाहीतर स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय टांगलेलं असतं. त्याच्या चौकोनांत दुधाचे खाडे, कामवाल्या बाईंचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मुलीची युनिट टेस्ट, सासऱ्यांची डॉक्टरकडची वेळ असं सगळं दाटीवाटीनं लिहिलेलं असतं. अक्षर बहुधा एकाच बाईचं. तिच्या स्वतःच्या नावाचा मात्र त्यात एकही चौकोन नसतो.

तो कसा आणायचा, ते इथे पायरीपायरीनं सांगितलं आहे. हिशेब असा: दिवसाला ४५ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, घरातच, आणि झोप न मोडता. नोकरीवर जाणाऱ्या आणि घर सांभाळणाऱ्या, दोघींनाही हे लागू पडतं. फक्त वेळ वेगवेगळी निघेल. घडी बसायला महिना-दीड महिना लागतो, तेव्हा पहिल्या आठवड्यात जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: कामं उरकल्यावर उरेल तो वेळ माझा, असं धरून चाललात तर वेळ मिळणार नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि पुरुषांचे ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली, पण पुरुषांचीही नऊ कमीच झाली. म्हणजे काम कुणी वाटून घेतलं म्हणून ती दहा मिनिटं सुटलेली नाहीत. म्हणून आधी वेळ राखायचा आणि मग त्या वेळेतली कामं दुसऱ्याच्या नावावर करायची. हा क्रम उलटा झाला की सगळं बिनसतं.

पायरी १: तीन दिवसांची वही

दोन कामाचे दिवस आणि एक रविवार. मोबाइलवर नको, कारण मोबाइल हातात घेतला की दुसरंच काही उघडतं. मुलांची अर्धी भरलेली वही घ्या, ओट्याजवळ पेन दोरीनं बांधून ठेवा. दोन रकाने पुरतात: वेळ आणि काम. कुणी हाक मारली की त्या ओळीपुढे नुसतं एक टिंब द्यायचं. पान साधारण असं दिसेल:

६.१० कणीक. ६.२५ पोळ्या. • • ६.५० डबे भरले. • ६.५५ पाण्याच्या बाटल्या. ७.०० वेणी. • • • ७.१५ रिक्षापर्यंत सोडून आले.

चौथ्या दिवशी वही घेऊन बसा आणि तीन गोष्टी बघा. सगळ्यात लांब काम कुठलं? टिंबं सगळ्यात विरळ कधी आहेत? आणि तुमच्याशिवाय घरात आणखी एक मोठं माणूस कोणत्या वेळी असतं? वेळ सापडते ती बहुतेकदा दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तराच्या आसपास.

टिंबांकडे जरा जास्त लक्ष द्या. ‘सॉक्स कुठेत’, ‘चहा झाला का’, ‘चार्जर बघितलास का’ या हाकांना उत्तर द्यायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण हातातलं काम तुटतं आणि पुन्हा जुळवायला वेळ जातो. यातल्या निम्म्या हाका वस्तूंसाठी असतात. दाराजवळ एक उथळ टोपली ठेवून किल्ल्या, पास, चार्जर, रुमाल आणि सॉक्सच्या जोड्या त्यात राहतील असं केलंत, तर त्या हाका पहिल्या आठवड्यातच कमी होतात. फार साधं काम आहे, पण यानं खरोखर फरक पडतो.

पायरी २: वेळ निवडणं

पहाटे पाचला उठा आणि स्वतःसाठी जगा, हा सल्ला मुंबईतल्या आईला देऊ नये असं आमचं ठाम मत आहे. मोठ्या माणसाला सात तास झोप लागतेच. रात्री साडेअकराला पाठ टेकणाऱ्या बाईनं पाचला उठून मिळवलेला तास दुपारी डोकेदुखी आणि चिडचिड होऊन परत जातो. रात्री सगळे झोपल्यावरचा वेळही असाच उधारीचा. त्यात होतं एकच, अंधारात मोबाइल बघणं.

बऱ्याच घरांत पुढच्या तीन जागांपैकी एक निघते.

मुलाची शाळा सकाळची असेल आणि तुम्ही घरी असाल, तर त्याला सोडून आल्यावरचा पहिला पाऊण तास. पसारा तसाच ठेवून बसायचं. ‘आधी ओटा आवरते’ म्हणालात की अकरा वाजलेच. ज्या इमारतीत पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथे आधी पिंप आणि बादल्या भरून घ्या, नाहीतर कान नळाकडेच राहील.

नोकरी असेल तर संध्याकाळी घरात शिरल्यावरचा पाऊण तास सगळ्यात अवघड, कारण तेव्हा सगळे तुमची वाट बघत असतात. त्यापेक्षा साडेआठ ते सव्वानऊ बघा: जेवणं झालेली, मुलं अजून जागी आणि घरात दुसरं मोठं माणूस हजर. ही वेळ बायका सहसा सोडून देतात, कारण ती भांडी-ओट्याची असते. म्हणूनच ती मागायची. कशी, ते चौथ्या पायरीत सांगितलं आहे.

डोंबिवली, विरार, पनवेलहून रोज जा-ये असेल तर गाडीतला वेळही धरा. १९९२ साली चर्चगेट–बोरिवली पहिली लेडीज स्पेशल सुरू झाली, आणि तेव्हापासून काय, त्याआधीपासूनही बायकांच्या डब्यात मटार सोलले जातात, मेथी निवडली जाते. आमचं सांगणं एवढंच की आठवड्यातून निदान तीन दिवस ती पिशवी घरी ठेवा. बसायला जागा मिळाली तर पुस्तक, उभं राहावं लागलं तर कानात काहीतरी ऐकायला. मात्र हा वेळ वरकड धरा. घरात हक्काची जागा आणि वेळ असण्याची बरोबरी त्याला येत नाही.

पायरी ३: वन रूम किचनमध्ये जागा

स्वतंत्र खोली नसते, हे धरूनच चालायचं. लागते एक बैठक, जिथून स्वयंपाकघराचा ओटा दिसत नाही. ओटा दिसला की डोळा सिंककडे जातो. खिडकीकडे तोंड करून ठेवलेली खुर्ची, पलंगाची भिंतीकडची बाजू, गॅलरीत दोन कुंड्या सरकवून टाकलेली चटई, यातलं काहीही चालतं. संध्याकाळी सोसायटीची गच्ची उघडी असेल तर तीही चांगली, पण पावसाळ्यात ती चार महिने हातची जाते, म्हणून घरातली जागा आधी पक्की करा.

तिथे एक खूण हवी: ठरावीक दिवा, ठरावीक ओढणी, काहीही. दिवा लागला आहे तोवर आईला हाक मारायची नाही, हे लहान मुलाला शब्दांपेक्षा खुणेवरून लवकर कळतं. सुरुवात १० मिनिटांनी करा. स्वयंपाकघरातला टिकटिक करणारा टायमर मुलाच्या हातात द्या. वाजला की तो तुमच्याकडे येईल आणि तुम्ही खरंच उठाल. दर आठवड्याला पाच-सात मिनिटं वाढवा. चार-पाच वर्षांच्या मुलासोबत पाऊण तासापर्यंत पोचायला सहा आठवडे लागतात.

इथे नेहमी होणारी चूक सांगतो. मूल पहिल्यांदा हाक मारतं, आपण गप्प. दुसऱ्यांदा मारतं, आपण गप्प. तिसऱ्यांदा मारलं की आपण ‘काय रे!’ म्हणून उठतो. मूल यातून शिकतं ते असं की तीनदा हाक मारली की आई उठते. म्हणून उठायचं असेल तर पहिल्या हाकेला उठा, नाहीतर टायमर वाजेपर्यंत उठू नका. लागलं, पडलं, रक्त आलं, शी-शू, दारात अनोळखी माणूस: या गोष्टींसाठी कधीही हाक मारायची, हे त्याला आधीच सांगून ठेवा. आणि त्या वेळात कुणीतरी मोठं माणूस मुलावर लक्ष ठेवून असलं पाहिजे.

पायरी ४: मदत मागू नका, काम नावावर करा

‘जरा मदत कर ना’ म्हटलं की काम तुमचंच राहतं. आठवण तुम्ही ठेवायची, सांगायचं तुम्ही, झालं की बघायचंही तुम्हीच. मुलाचा डबा घ्या. उद्या काय करायचं ते ठरवणं, भाजी घरात आहे का बघणं, छोले असतील तर रात्री भिजत घालणं, सकाळी करणं, डब्याचं झाकण नीट लागलं का पाहणं, चमचा-नॅपकिन ठेवणं, संध्याकाळी दप्तरातून रिकामा डबा काढून घासायला टाकणं. ही सात कामं झाली. नवरा त्यातलं फक्त ‘सकाळी करणं’ उचलतो आणि सहा तुमच्या डोक्यात राहतात. मग खुर्चीत बसूनही छोले भिजत घातले की नाही हेच मनात येतं. द्यायचं तर सातही द्या.

बोलायची वेळ भांडणानंतरची नसावी. रविवारी चहाच्या वेळी, वही समोर ठेवून, नेमकं बोला. ‘अहो, सोमवार ते शुक्रवार रात्रीची भांडी आणि ओटा तुमच्याकडे. साडेआठ ते सव्वानऊ मी आत बसणार आहे.’ ज्या घरात नावानं हाक मारतात तिथे ‘अरे’ म्हणून, पण वाक्य तेवढंच स्पष्ट. ‘मला पण वेळ मिळत नाही’ असं मोघम बोललात तर उत्तरही मोघमच येईल.

‘ओटा आवरणं’ म्हणजे काय, ते एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा: उरलेलं अन्न लहान डब्यांत काढून फ्रिजमध्ये, भांडी घासून पालथी, बर्नरभोवतीचं पुसलेलं, सिंकची जाळी झाडलेली, ओला कचरा बांधलेला, फडकं पिळून वाळत टाकलेलं. पहिला आठवडा दोघांनी मिळून करा. दुसऱ्या आठवड्यात तुम्ही आत बसा, विचारलं तर उत्तर द्या. तिसऱ्या आठवड्यापासून ‘कागद बघा’ एवढंच म्हणा. कढईला थोडं तेल राहिलं म्हणून मागाहून पुन्हा घासायला उभ्या राहू नका. तसं एकदा झालं की समोरचा माणूस मनानं काम परत करून टाकतो. फारच खटकत असेल तर रविवारी कागदात एक ओळ वाढवा.

सासूबाई घरात असतील तर त्यांच्यावर रोजचं ओझं टाकणं बरोबर नाही; त्यांनीही तीस-चाळीस वर्षं हेच केलेलं असतं. दोन दिवस मागा, आणि वेळ सांगून मागा. ‘आई, मंगळवारी आणि शुक्रवारी साडेआठ ते सव्वानऊ सोनूला तुमच्याजवळ ठेवाल का? मी आत वाचत बसते.’ त्यांची मालिका त्याच वेळी लागत असेल तर तुमची वेळ अर्धा तास सरकवा.

मुलांनाही कामं द्या. सहा-सात वर्षांचं मूल आपलं ताट उचलून सिंकमध्ये ठेवू शकतं, बाटल्या भरू शकतं, आपल्या कपड्यांच्या घड्या घालू शकतं. बारा-तेराच्या मुलाला, मुलगा असो की मुलगी, कुकर लावता यायला हवा.

पायरी ५: स्वयंपाकघरातला वेळ कापणं

वहीत सगळ्यात लांब ओळी इथेच सापडतील. चार माणसांच्या घरात रविवारचा दीड तास मोडला की आठवड्याच्या पाच संध्याकाळी हलक्या होतात. हा दीड तासही तुम्ही एकटीनं घालवायचा नाही. खोबरं किसायला, लसूण सोलायला बाकीच्यांना बसवा.

वाटण: चार मध्यम कांदे उभे चिरून दोन मोठे चमचे तेलात १२ ते १५ मिनिटं, खमंग तपकिरी होईपर्यंत परता. एक वाटी किसलेलं सुकं खोबरं वेगळं भाजा. कांद्यासोबत घालू नका, कारण कांद्यातलं पाणी आटेपर्यंत खोबरं एकतर मऊ पडतं नाहीतर करपतं. १२-१५ लसूण पाकळ्या आणि दोन इंच आलं शेवटच्या दोन मिनिटांत. पूर्ण गार होऊ द्या. गरम वाटण मिक्सरला लावलं की वाफेनं झाकण उडतं. पाणी शक्य तितकं कमी. बर्फाच्या ट्रेमध्ये भरून गोठवा, मग वड्या काढून घट्ट डब्यात फ्रीझरमध्येच ठेवा. चार माणसांच्या उसळीला दोन-तीन वड्या पुरतात, आणि महिनाभर चव टिकते. कांदा कच्चट राहिला तर तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उग्र वास येतो, आणि मग बायका फ्रिजला दोष देतात.

आलं-लसूण पेस्टही अशीच ट्रेमध्ये गोठवा. पेस्ट हिरवट-निळसर झाली तर घाबरू नका. लसणातल्या गंधकयुक्त घटकांमुळे तसं होतं, त्यानं अपाय होत नाही. तेलात बुडवलेला कच्चा लसूण मात्र बाहेर ओट्यावर ठेवू नका. हवा न लागणाऱ्या तेलात घातक जंतू वाढू शकतात.

मटकी: शनिवारी सकाळी एक वाटी मटकी भिजत घाला, संध्याकाळी पूर्ण निथळून फडक्यात बांधा. रविवारी सकाळी मोड येतात आणि अडीच-तीन वाट्या होते. फ्रिजमध्ये तीन दिवस राहते. पावसाळ्यात बुळबुळीत होऊन वास येतो तो पाणी राहिल्यामुळे. चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या, मगच बांधा.

पालेभाजी: मुळं आणि पिवळी पानं काढा, पण धुऊ नका. कोरडी करून कागदात गुंडाळून डब्यात ठेवा, करायच्या आधी धुवा. धुऊन ठेवलेली कोथिंबीर दोन दिवसांत काळी पडते, तेवढ्यासाठी पुन्हा खाली उतरावं लागतं.

कणीक: चार वाट्या पिठाच्या १६ ते १८ पोळ्या होतात. रात्री मळायची असेल तर नेहमीपेक्षा थोडी घट्ट मळा, कारण फ्रिजमध्ये ती सैल पडते. वरून तेलाचा हात, मग घट्ट झाकणाचा, गोळ्याच्या मापाचाच डबा. डबा मोठा असला की आत हवा राहते आणि कणीक करडी पडते. सकाळी लाटायच्या वीस मिनिटं आधी बाहेर काढा, आणि दुसऱ्या दिवसापलीकडे ठेवू नका.

कुकर: तळाला दीड ग्लास पाणी. खालच्या डब्यात एक वाटी तूरडाळ, अर्धा तास भिजवलेली, अडीच वाट्या पाण्यात. वरच्या डब्यात एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाण्यात. तीन-चार शिट्ट्या. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ शिजल्यावरच. आंबटात डाळ लवकर शिजत नाही, गाठीच राहतात.

राहिल्या पोळ्या. मळण्यापासून पोळपाट पुसण्यापर्यंत १६ पोळ्यांना पाऊण तास जातो. म्हणजे तुम्ही शोधताय तोच पाऊण तास. परवडत असेल तर आठवड्यातून दोन दिवस पोळीवाल्या मावशी किंवा गल्लीतलं पोळी-भाजी केंद्र. नसेल परवडत तर दोन संध्याकाळी भाकरी-पोळी नकोच, खिचडी-कढी किंवा वरणभात-पापड. विकतची पोळी आणली म्हणून आई कमी पडली, असं घरात कुणी म्हणत असेल तर त्या दिवशीची पोळी त्यानं लाटावी.

पायरी ६: त्या वेळात काय करायचं

आदल्या रात्रीच ठरवा आणि वस्तू हाताशी ठेवा: पुस्तकात खूण घालून, भरतकामाची रिंग सुईत दोरा ओवून, पेटी खोळ काढून. शोधण्यात दहा मिनिटं गेली की उरलेल्यात मन लागत नाही. वाचनालयाचं पुस्तक लावून घ्या, परत करायची तारीख असली की वाचन होतं. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून चालू आहे, शिवाय बऱ्याच उपनगरांत चांगली मराठी वाचनालयं आहेत. कपाट आवरणं, मुलांच्या वह्यांना कव्हरं घालणं, ऑनलाइन किराणा भरणं यातलं काहीही या वेळात बसत नाही. पहिले दोन आठवडे नुसती झोप आली तर खुशाल झोपा, ती थकबाकी असते.

मोबाइल दुसऱ्या खोलीत. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आठ तास म्यूट करता येतो, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावून नवरा, आई-वडील, शाळा यांचेच फोन वाजतील असं करता येतं.

तान्हं बाळ असेल तर वरचं वेळापत्रक बाजूला ठेवा. बाळाला दूध पाजून झालं की दिवसातून एकदा वीस मिनिटं कुणीतरी त्याला घ्यायचं आणि तुम्ही दार लावून पडायचं, एवढं पुष्कळ आहे. पण दोन आठवडे रोज रडू येतंय, बाळ झोपल्यावरही झोप लागत नाही, कशातच मन लागत नाही, असं होत असेल तर तो वेळेचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरांना दाखवा; टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनवर १४४१६ ला मराठीतही बोलता येतं. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असे विचार येत असतील तर त्याच दिवशी, घरातलं माणूस सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

पायरी ७: खाडे लिहा

घडी मोडायचे दिवस ठरलेले असतात: परीक्षा, गणपती, दिवाळी, जुलैमधला कपडे न वाळण्याचा पंधरवडा, बाई गावाला गेलेल्या. अशा दिवसांत ४५ ची १५ मिनिटं करा, पण वेळ आणि खुर्ची तीच ठेवा. पूर्ण बंद केलं की घर विसरतं आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागतं. पावसाळ्यात कपडे एक दिवसाआड थोडे थोडे धुवा; दोरीवर दाटी झाली की वाळत नाहीत, वास येतो आणि दुसऱ्यांदा धुण्यात पुन्हा वेळ जातो.

आणि कालनिर्णयवर, दुधाच्या खाड्याशेजारी, तुमच्या वेळेचा खाडाही मांडा. त्या दिवशी बसायला मिळालं नाही की लाल फुली, पुढे एका शब्दात कारण: पाहुणे, ताप, ऑफिस. महिनाअखेरीला मोजा. पाच-सहा फुल्या असतील तर ठीक चाललं आहे. आठाच्या वर गेल्या आणि त्यातल्या बऱ्याच एकाच वाराला पडल्या असतील, तर त्या वाराची वेळ बदला. सगळ्या वारांना सारख्या पडल्या असतील तर चौथ्या पायरीतलं एखादं काम अजून तुमच्याच नावावर आहे. ते कुठलं, हे फुलीपुढच्या शब्दावरून कळेल.